हेलिकॉप्टरांचा ताफा आणि उद्याचा हिशेब

कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घालविलेल्या माणसाने लष्करी हेलिकॉप्टरांवर व्याख्यान द्यावे, हे पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्ही वैमानिक नाही, अभियंते नाही आणि सैन्यात नोकरीही केलेली नाही. जे थोडेफार शिकलो ते कारखान्याच्या दारात, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कल्याणहून ठाण्याला जाणाऱ्या गाडीत उभ्याने वाचून. तरीही हा विषय आम्ही चालकांकडून हौसेने मागून घेतला. कारण हा विषय तीन ठिकाणी आपल्या दाराशी येतो. पूर आला की वरून येणारे यंत्र हेच. ते घडविणारे हात आमच्यासारख्यांचे. आणि त्यासाठी जाणारा पैसा तुमचा-आमचा, सर्वांचा. तेव्हा त्याचा हिशेब समजून घेण्याचा हक्क जसा आपला, तसे ते आपले कर्तव्यही आहे. व्याख्यानात जे बोललो, तेच येथे थोडे नीटनेटके करून दिले आहे.

प्रथम आपल्याच तालुक्यातली गोष्ट घेऊ. २०१९ सालच्या जुलैच्या अखेरीस उल्हास नदी फुगली आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली. गाडीत एक हजारावर उतारू होते. त्यांना मुख्यत्वे आपत्ती निवारण दलाच्या बोटींनी सुखरूप बाहेर काढले. नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरेही मदतीला धाडली होती. पुढे आठवडा उलटतो न उलटतो तोच, ४ ऑगस्ट २०१९ रोजी, खडवलीजवळचे जू-नांदखुरी हे गाव पाण्याने वेढले गेले. या वेळी हवाई दलाच्या एमआय-१७ व्ही-५ जातीच्या हेलिकॉप्टराने ५८ माणसांना उचलून सुरक्षित जागी नेले.

या दोन गोष्टींत बोटींना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. जेथे बोट जाते तेथे बोटच बरी. ती स्वस्त आहे आणि एका वेळी अनेक जाऊ शकतात. पण जेथे बोट जात नाही, रस्ता नाही, धावपट्टी नाही, तेथे हेलिकॉप्टरावाचून गत्यंतर नाही. सियाचिनच्या हिमनदीवरील चौकी असो, भरसमुद्रात बुडू लागलेले जहाज असो, की नोव्हेंबर २००८ मधले नरिमन हाउस असो, जेथे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान हवाई दलाच्या हेलिकॉप्टरातून दोरावरून गच्चीवर उतरले; काम एकच, जेथे उतरायला जागा नाही तेथे माणूस पोहोचविणे. म्हणूनच हे यंत्र लष्कराचे असले तरी त्याच्याशी नागरिकांचा संबंध तोफेपेक्षा अधिक जवळचा आहे.

आता हे यंत्र चालते कसे ते पाहू. ते समजल्याखेरीज पुढचा हिशेब समजणार नाही.

विमान पुढे धावते, त्यामुळे पंखांवरून वारा वाहतो आणि तो वारा विमानाला उचलून धरतो. हेलिकॉप्टराला धावावे लागत नाही, कारण त्याचा पंखच गरगर फिरतो. डोक्यावरची पाती म्हणजे अरुंद पंखच होत. इंजिनातील टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते. वरचे चक्र मात्र काही शेच फेरे घेते. हा वेग उतरविण्याचे काम मधली गिअरपेटी करते आणि सारे बळ तिच्या दातांवरून जाते. चक्र एका दिशेने फिरले की यंत्राचे धड उलट दिशेने फिरू पाहते. त्याला आवरण्यासाठी शेपटीला छोटा पंखा लावलेला असतो.

पण खरी करामत आहे ती चक्राच्या मुळाशी. प्रत्येक पाते फिरता फिरता आपला कोन बदलीत असते, दर फेऱ्याला कमी-जास्त. हा कोन बदलणारी एक तबकडी असते. तिला स्वॅशप्लेट म्हणतात. तिचा खालचा भाग स्थिर, वरचा भाग पात्यांबरोबर फिरणारा, आणि दोहोंच्या मध्ये बेअरिंग. वैमानिकाने दांडा कलविला की लहान लहान सळ्यांच्या मार्फत ही तबकडी कलते, पात्यांचे कोन बदलतात आणि यंत्र त्या बाजूला निघते. सबंध तबकडी वर उचलली की साऱ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र वर चढते. म्हणजे वैमानिकाचा हात आणि पाते यांच्यामध्ये एक तबकडी आणि काही सळ्या, एवढाच दुवा असतो. विमानाचे इंजिन बंद पडले तर ते काही अंतर तरंगत जाते. हेलिकॉप्टराचे इंजिन बंद पडले तरी पाती वाऱ्याने फिरत राहतात आणि कुशल वैमानिक ते खाली उतरवू शकतो. परंतु ही तबकडी किंवा तिची सळी तुटली, तर कौशल्याला काही करण्यासारखे उरत नाही.

कारखान्यात काम केलेल्यांना दुसरी गोष्ट सांगावी लागणार नाही. तार पुनःपुन्हा वाकविली की ती एका क्षणी मोडते, आणि मोडण्यापूर्वी ती चांगली धडधाकट दिसत असते. हेलिकॉप्टराचा प्रत्येक फिरता भाग मिनिटाला शेकडो वेळा असाच ताणला आणि सैल केला जातो. म्हणून अशा प्रत्येक महत्त्वाच्या भागाचे आयुष्य तासांत ठरविलेले असते. तितके तास भरले, की तो भाग दिसायला नवा असला तरी काढून टाकावयाचा. तेव्हा हेलिकॉप्टर ही एक वस्तू नव्हे. ती निरनिराळ्या वयांच्या शेकडो भागांची एक वसाहतच आहे. सांगाडा चाळीस वर्षांचा, गिअरपेटी दहा वर्षांची आणि बेअरिंग गेल्या महिन्यातले, असे सहज असू शकते.

यावरून ताफ्याचा विचार कसा करावा हे ध्यानी येईल. आपल्या लोकलचेच पाहा. रेल्वेकडे जितक्या गाड्या असतात तितक्या सगळ्या रुळांवर नसतात; काही कळव्याच्या कारशेडमध्ये तपासणीला, काही मोठ्या दुरुस्तीला. आणि सगळ्या गाड्या एकाच वर्षी विकत घेतल्या तर त्या एकाच वर्षी म्हाताऱ्या होतील. हेलिकॉप्टरांचेही तसेच. काही दुरुस्तीला, काही नव्या वैमानिकांच्या शिक्षणाला, आणि उरलेली कामाला. सुटे भाग वेळेवर आले नाहीत की एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावावे लागतात, आणि कागदावर दोन असलेली यंत्रे आकाशात एकच राहते. म्हणून ताफा नवा करणे म्हणजे दहा-वीस वर्षांनी एकदा मोठी खरेदी करणे नव्हे. दरसाल थोडी जुनी काढणे, दरसाल थोडी नवी आणणे, आणि मधल्या काळात सुट्या भागांचा ओघ न तुटू देणे, याचे नाव ताफा राखणे.

हे आपल्याकडे कसे घडले आणि कसे घडले नाही, ते आता पाहू.

चेतक हे हलके हेलिकॉप्टर मूळचे फ्रान्सचे. त्याचा परवाना घेऊन बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कारखान्याने ते १९६५ सालापासून बांधले. पुढे हिमालयात अधिक उंचीवर जाणारे यंत्र हवे झाले. उंचावर हवा विरळ असते. पात्यांना पकडायला हवाच कमी आणि इंजिनालाही श्वास कमी. १९६८ साली भारताने आपली ही गरज फ्रेंचांना नेमकी सांगितली. त्यांनी काय करावे? एका जुन्या हेलिकॉप्टराचा हलका सांगाडा घेतला, दुसऱ्याचे ताकदीचे इंजिन व चक्र घेतले आणि दोन्ही जोडून नवे यंत्र उभे केले. १७ मार्च १९६९ रोजी ते उडाले. त्याच जातीच्या यंत्राने २१ जून १९७२ रोजी १२,४४२ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला. आपल्याकडे ते चीता नावाने बांधले गेले, आणि १९८४ सालच्या एप्रिलमध्ये सियाचिनची मोहीम सुरू झाल्यापासून तेथील चौक्यांची भिस्त त्याच्यावर राहिली. चेतक व चीता मिळून सहाशेच्या आसपास यंत्रे आपल्या कामगारांनी बांधली. गरज नेमकी सांगितली, मागणी आवाक्यातली ठेवली, म्हणजे किती लवकर काम होते, याचे हे उदाहरण.

पण यंत्र म्हातारे होते. चेतक-चीत्यांना एकच इंजिन, आणि आजच्या वैमानिकाला लागणारी अनेक साधने त्यांत नाहीत. त्यांच्या जागी १९७ नवी हलकी हेलिकॉप्टरे घ्यावीत, या खटपटीला २००३ साली सुरुवात झाली. २००७ साली, निवडीच्या पद्धतीवर आक्षेप आल्यामुळे, ती निविदा रद्द झाली. २००८ साली दुसरी निघाली. ती २०१४ साली रद्द झाली. २०१५ साली रशियाशी कामोव्ह-२२६ जातीची दोनशे यंत्रे घेण्याचा, त्यांतली बहुतेक येथे बांधण्याचा करार झाला. पण किंमत आणि देशी भागांचे प्रमाण यांवर ते प्रकरण अडले. दरम्यान हिंदुस्थान एरोनॉटिक्सने स्वतः बनविलेले हलके हेलिकॉप्टर ६ सप्टेंबर २०१६ रोजी उडाले. पण २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांतल्या फक्त बारांना मंजुरी मिळाली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण खात्याने सुमारे दोनशे हलक्या हेलिकॉप्टरांसाठी कारखानदारांकडून पुन्हा नव्याने माहिती मागविली.

येथे एक साधा गुणाकार करू. २००३ ते २०२५ ही झाली बावीस वर्षे. दरसाल फक्त नऊ यंत्रे जरी आणली असती, तरी बावीस नवे एकशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे १९७ ची गरज भागून एक शिल्लक राहिले असते. दरसाल नऊ! एवढ्या मोठ्या देशाला हे काही जड नव्हते. जड झाले ते एकदम सगळे आणि सर्वांत उत्तम मिळविण्याच्या नादात. मधल्या काळात काहीच झाले नाही असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. काही चीत्यांना नवे इंजिन बसवून त्यांना चीतल नाव दिले, आणि ध्रुव हे आपले मोठे हेलिकॉप्टरही शेकड्यांनी आले. पण ज्या कामासाठी १९७ मागितली होती, त्यांतले बरेचसे काम जुनी यंत्रेच ओढीत राहिली.

ही दिरंगाई फुकट पडत नाही. तिची किंमत यंत्रात बसणारा मोजतो. २०१४ च्या ऑक्टोबरात बरेलीजवळ एक चीता पडून तीन अधिकारी गेले. त्यानंतर सैन्यातील वैमानिकांच्या पत्नी संघटित झाल्या आणि ही जुनी यंत्रे बंद करा, अशी मागणी घेऊन संरक्षणमंत्र्यांपर्यंत गेल्या. वैमानिकाला शिस्तीमुळे तोंड उघडता येत नाही. म्हणून त्याच्या घरच्या माणसांनी उघडले. आम्हांला त्यात काहीच परके वाटले नाही. झिजलेल्या यंत्रावर माणूस उभा करू नका, ही तर कामगार चळवळीची सर्वांत जुनी मागणी. नाशिकच्या गांधीनगरला सैन्याच्या वैमानिकांचे शिक्षण जेथे होते, तेथे चेतक-चीत्यांवरच पिढ्या तयार झाल्या. त्या मुलांत आपल्याही गावची मुले असतात.

आता डोंगरावरून समुद्रावर येऊ. कुलाब्याला नौदलाचा शिक्रा हा हेलिकॉप्टरांचा तळ आहे. तेथून सीकिंग ही मोठी हेलिकॉप्टरे कित्येक वर्षे उडत आली. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात तेलविहिरींवरील कामगारांचा पी-३०५ हा तराफा बुडाला, तेव्हा बुडणाऱ्यांना शोधण्यात नौदलाच्या जहाजांबरोबर हेलिकॉप्टरेही होती. अनेक कामगार वाचले, अनेक गेले. सीकिंग ही इंग्लंडातील येऑव्हिल गावच्या वेस्टलँड कारखान्यात बांधलेली. १९९८ साली पोखरणचे अणुस्फोट झाले, अमेरिकेने निर्बंध घातले आणि या हेलिकॉप्टरांचे सुटे भाग येणे थांबले. यंत्रे आपली, वैमानिक आपले, पेट्रोल आपले. पण अडले एका सुट्या भागासाठी. विकत घेतलेल्या यंत्राची चावी कोणाच्या खिशात राहते, हे त्या वेळी कळले.

आपल्या भागातील कितीतरी माणसे रोज गाडी धरून माझगावच्या गोदीत कामाला जातात. त्या गोदीत बांधलेली आयएनएस कोलकाता ही विनाशिका १६ ऑगस्ट २०१४ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यावर दोन हेलिकॉप्टरांची सोय आहे. विनाशिकेचे हेलिकॉप्टर म्हणजे तिचे लांबवर पाहणारे डोळे. पाणबुडी शोधायची तर ते हवेच. पण सीकिंगची जागा घेणाऱ्या चोवीस सीहॉक हेलिकॉप्टरांचा करार झाला २०२० साली, आणि त्यांची पहिली तुकडी कोचीला उभी राहिली ६ मार्च २०२४ रोजी. गोदी कामगाराने आपले जहाज दिल्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी! घर बांधून झाल्यावर विहीर खणण्यातला हा प्रकार. जहाज, त्याचे हेलिकॉप्टर आणि त्याचे सुटे भाग यांचा विचार एकाच दिवशी, एकाच टेबलावर झाला पाहिजे.

वेस्टलँडची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती लष्करी नाही, पण धडा तोच. १९८० नंतरच्या दशकात पवनहंस या सरकारी कंपनीसाठी वेस्टलँड-३० जातीची एकवीस हेलिकॉप्टरे घेण्यात आली. त्यासाठी ब्रिटिश सरकारने साडेसहा कोटी पौंडांची मदत दिली. कारण त्यांच्या कारखान्याला काम हवे होते. पुढे दोन प्राणघातक अपघात झाले, यंत्रे उभी राहिली, आणि शेवटी ती सगळी मिळून नऊ लाख पौंडांना विकून टाकली. येऑव्हिलच्या कामगाराला काम मिळावे यात आम्हांला विषाद नाही. तो आमचाच भाऊ. पण आपली गरज काय हे आपण ठरविले नाही, तर दुसऱ्याच्या कारखान्याची सोय हीच आपली गरज होऊन बसते.

मग सगळे घरीच बनवावे, असे कोणी म्हणेल. आमचेही मन तिकडेच ओढते. पण घरी बनविणे हा मंत्र नव्हे. ते काम आहे आणि कामाला कामाचे नियम लागू होतात.

ध्रुव प्रथम उडाला २० ऑगस्ट १९९२ रोजी. त्याने पूर, भूकंप, हिमालय सगळीकडे काम केले. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाचा एक ध्रुव मुंबईच्या किनाऱ्याजवळ पाण्यात उतरवावा लागला; सुदैवाने तिघेही वाचले. नंतर ध्रुवांमधील काही सळ्या ॲल्युमिनियमऐवजी पोलादाच्या बसविण्यात आल्या. मग ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचा ध्रुव पडला आणि तिघे गेले. चौकशीत बोट ठेवले गेले ते आपण वर पाहिलेल्या त्या तबकडीवर. तिच्यात तडा गेला होता. तिन्ही दलांचे आणि तटरक्षकांचे मिळून तीनशेवर ध्रुव एकदम जमिनीवर आले. मेच्या सुमारास सैन्याच्या व हवाई दलाच्या यंत्रांना पुन्हा उडण्याची परवानगी मिळाली. म्हणजे एका भागात दोष निघाला आणि चार महिने अवघा ताफा थांबला.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की साराच ताफा एका जातीवर उभा केला, तर एक तडा सगळ्यांना खाली आणतो. आणि फार जाती ठेवल्या, तर प्रत्येकीचे भाग, हत्यारे, शिक्षण निराळे होऊन खर्च चौपट होतो. या दोहोंमधला मार्ग काढणे हेच नियोजन. दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातली. जो भाग तुटला तर माणूस मरतो, तो भाग घडविणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला ‘हा जॉब बाद’ म्हणण्याचे पूर्ण स्वातंत्र्य हवे. आज नेमलेला आणि उद्या काढलेला कंत्राटी मुलगा फोरमनसमोर असे म्हणू शकेल काय? महिनाअखेरीचा आकडा गाठायचा असताना गेजमध्ये न बसणारा तुकडा बाजूला ठेवण्याचे धैर्य त्याच माणसाला होते, ज्याला आपली नोकरी उद्याही राहील याची खात्री असते. नोकरीची शाश्वती ही आम्ही कामगाराच्या पोटासाठी मागतो, हे खरेच. पण येथे ती वैमानिकाच्या जिवासाठीही मागावी लागते.

आता नव्या कामाकडे पाहा. २८ मार्च २०२५ रोजी सरकारने प्रचंड या हलक्या लढाऊ हेलिकॉप्टरांचा करार केला. यंत्रे १५६, पैकी ९० सैन्याला आणि ६६ हवाई दलाला. रक्कम ६२,७०० कोटी रुपये. शिक्षण व साधने धरून एका यंत्रामागे सरासरी चारशे कोटी पडतात. या कामात अडीचशेवर देशी कंपन्या, बहुतेक लहान व मध्यम, गुंततील आणि साडेआठ हजारांवर लोकांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार मिळेल, असे सरकारने सांगितले आहे. यंत्रे तिसऱ्या वर्षापासून पाच वर्षांत मिळायची आहेत. कर्नाटकात तुमकूरला ६ फेब्रुवारी २०२३ रोजी हेलिकॉप्टरांचा नवा कारखाना सुरू झाला. प्रथम वर्षाला तीस, पुढे साठ, नंतर नव्वद बांधण्याची त्याची योजना आहे. वाचून समाधान वाटते. पण नव्वदाची शक्ती उभारायची आणि मागणी बारांची द्यायची, असे होता कामा नये.

ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, अंबरनाथचे सरकारी कारखाने, येथे लेथवर आणि मिलिंगवर हात बसलेली माणसे तीन पिढ्यांची आहेत. आम्ही त्या गाळ्यांतून हिंडत आलो. विमानाच्या दर्जाचे काम घ्यायचे तर लहान गाळेवाल्याला नवे यंत्र, मोजमापाची साधने, वातानुकूल खोली, प्रत्येक तुकड्याची कागदोपत्री नोंद हे सगळे आधी उभे करावे लागते. त्यासाठी तो कर्ज काढतो. मागणी दोन वर्षे आली आणि तीन वर्षे थांबली, तर हप्ता मात्र थांबत नाही. मग तो काय करतो? प्रथम माणसे कमी करतो, आणि कमी होतो तो सर्वांत अनुभवी, कारण त्याचा पगार जास्त. तो टर्नर रिक्षा चालवू लागतो किंवा कुठे पहारेकरी होतो. पाच वर्षांनी मागणी परत येते, तेव्हा यंत्र असते, हात नसतो. लेथ बाजारात विकत मिळते. एका शतांश मिलिमीटराचा अंदाज असणारा हात दहा वर्षांनी तयार होतो. म्हणून दरसालची नेमकी मागणी हा कामगारावर उपकार नव्हे. ती स्वस्त आणि निर्धोक यंत्राची पहिली अट आहे.

कोणी विचारील, उद्या माणसावाचून उडणारी ड्रोन येणार, मग हेलिकॉप्टरे कशाला? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या सैन्याने टेहळणीच्या नव्या हेलिकॉप्टरावर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च केले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ते काम सोडून दिले. युक्रेनच्या युद्धात ड्रोनांनी टेहळणीचे रूपच पालटले, हे त्यामागचे एक कारण होते. तेव्हा नुसते पाहण्याचे काम उद्या ड्रोनांकडे जाईल, हे धरून चालावे आणि त्या कामासाठी मागितलेली हेलिकॉप्टरे त्या मानाने कमी करावीत. पण आजारी जवानाला हिमनदीवरून खाली आणणे, पुरातून म्हातारी माणसे व पोरे उचलणे, ही कामे पाहण्याची नव्हेत, वाहण्याची आहेत. ती अजून तरी माणूस चालविणाऱ्या यंत्राचीच आहेत. जू-नांदखुरीला आलेल्या एमआय-१७ च्या जागी पुढे तेरा टनांच्या वर्गातले देशी हेलिकॉप्टर आणण्याचे काम हिंदुस्थान एरोनॉटिक्सने हाती घेतले आहे. त्याचे इंजिन फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर तयार होत आहे. हे लिहीत असता ते अजून उडालेले नाही. चीत्याच्या बाबतीत जे बावीस वर्षे झाले, ते याच्या बाबतीत होऊ द्यायचे की नाही, हे ठरविण्याची वेळ आताच आहे.

आणखी एक बाब जमिनीची. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी जमीन घेतली गेली. तिचा वाद इतकी वर्षे भिजत पडला, की जून २०१७ मध्ये नौदलाने कुंपणाचे काम काढले तेव्हा शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले. विमानाला मोठी जमीन लागते. हेलिकॉप्टराला शाळेचे मैदान पुरते, हा त्याचा केवढा गुण! पण ते मैदान पुराच्या पाण्यावर हवे, त्यावर विजेच्या तारा नकोत, आणि ते कोणते हे गावाला व वैमानिकाला आधी ठाऊक हवे. हे काम तालुक्याचे आहे, त्याला परदेशी करार लागत नाही, आणि गावकऱ्यांना विचारून केले तर भांडणही लागत नाही.

आमच्या बोलण्याचा मथितार्थ इतकाच. ताफ्याचा आराखडा पंधरा-वीस वर्षांचा असावा, आणि सरकार बदलले तरी तो चालावा. दर वर्षी किती जुनी यंत्रे निघणार व किती नवी येणार, याचा आकडा संसदेसमोर मांडावा. लढाईची गुपिते न सांगताही एवढे सांगता येते. यंत्राबरोबर त्याच्या सुट्या भागांचा आणि ते घडविणाऱ्या हातांचा विचार व्हावा. आणि जीवघेण्या भागांवर काम करणारा माणूस कायम नोकरीतला, शिकविलेला आणि ‘बाद’ म्हणायला मोकळा असावा.

कोणी म्हणेल, कामगाराने शस्त्रांच्या खर्चाची भलामण का करावी? आम्ही भलामण करीत नाही. आम्ही हिशेब मागतो. ६२,७०० कोटी हा आकडा ऐकून ज्याला शाळा व दवाखाने आठवत नाहीत, तो कामगार कसला? पण अर्धवट सोडलेली निविदा, फुकट गेलेली वर्षे आणि मोडीत काढलेली यंत्रे हा खर्च शाळेलाही मिळत नाही आणि सैन्यालाही मिळत नाही. गाडी पाच मिनिटे उशिरा आली तर आपण ठाण्याच्या फलाटावर जाब विचारतो. बावीस वर्षे न आलेल्या गाडीबद्दलही तो विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे, आणि तो विचारताना हातात आकडे असले पाहिजेत. ते हाती यावेत, एवढ्यासाठीच हा विषय आम्ही मागून घेतला.